वळचणीचा कप

लिहायला बसले की मला उठावंसं वाटतं. दूध उतू गेलं का बघून येते, दाराची कडी बघून येते, परत बसते, चष्मा पुसते. अख्खी नोकरी मुलांना एका जागी बसायला शिकवण्यात गेली आणि आता निवृत्त झाल्यावर माझंच अंग खुर्चीला टेकत नाही. बाकीची प्रकरणं सरळ लिहून झाली. शाळा, नदी, आयच्या हातचं कालवण, सगळं. हे एक दर वेळी पुढं ढकललं. मी बोलकी बाई नाही, घरातही जेवढ्यास तेवढंच बोलते. पण नानाबद्दल मी इतकी वर्षं गप्प राहिले ती स्वभावामुळं नव्हे, एवढं तरी आता कबूल करायला हवं.

नाना म्हणजे माझा चुलता, आबांचा पाठचा भाऊ. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो आणि अहोजाहो करायचो. नानाला मात्र मी अरेतुरे करायची. वस्तीत तशी रीत नव्हती, आय ओरडायची, पण ती सवय त्यानंच मला लावली होती. म्हणायचा, अहो म्हणलंस की मागं कोन उभं ऱ्हायलंय का ते बघावं लागतं. पुढं सगळी वस्तीच त्याला अरेतुरे करायला लागली. तेव्हा माझं अरेतुरे आणि त्यांचं अरेतुरे एकसारखंच ऐकू यायला लागलं.

आमची वस्ती विंझरच्या पुढं, वेल्ह्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. आबा त्याच रस्त्यावर मैलकुली होते. ठरवून दिलेल्या दोन-तीन मैलांवरचे खड्डे बुजवायचे, गटारी मोकळ्या करायच्या, पावसात वाहून आलेली दगडं बाजूला सारायची. सरकारी नोकरी म्हणून वस्तीत आबांना मान होता. सकाळी त्यांच्या फावड्याचा खरखर आवाज लांबून यायचा आणि तो थांबला की आय चहा ठेवायची, गुळाचा, कोरा. दुधाचा चहा पाहुण्यांना. घर कुडाच्या भिंतींचं, वर कौलं, आणि ओटीवर वळचण एवढी खाली की उंच माणसाला वाकूनच आत यावं लागे. त्या वळचणीला काय काय खोचलेलं असायचं. विळे, बियाणाची कणसं, आबांचं लाल निशाण, आयची मिसरीची डबी. नाचणीची भाकरी, कारळ्याची चटणी, कधी सुकटीचं कालवण. भात सणाला. भूक असायचीच, पण तिचा आवाज करायचा नाही, असं आयचं म्हणणं होतं.

नानाचा गळा गोड होता. आमच्या लोकांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा वंदना म्हणायला वस्तीत कुणाला येत नव्हतं. नाना पुण्याला जाऊन, कामगारांच्या एका वस्तीत आठ दिवस राहून, नुसत्या कानानं ती शिकून आला. त्याला लिहिता येत नव्हतं. आल्यावर त्यानं एकेकाला शिकवली. लावणी चालू असायची, गुडघाभर चिखलात बाया वाकलेल्या, आणि बांधावर बसून नाना म्हणायचा, मागं म्हणा. रोपाची एक जुडी संपेपर्यंत एक ओळ. मला त्यानं सगळ्यांत आधी पढवलं. पाचव्या शीलाशी आलं की मी हटकून अडकायची. दारू-ताडीपासून दूर राहीन अशी ती प्रतिज्ञा. शब्द लांबलचक, आणि माझा श्वास मध्येच तुटायचा. नाना जवळ जे असेल त्यावर नखानं टिचकी मारायचा. टिक्. पुन्हा. म्हणायचा, "सुमे, हितं दम घेयाचा न्हाई. दम घेतलास की वचन तुटतं."

एक गोष्ट आबा आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे. रस्त्यावर चहाचं एक हॉटेल होतं, आता त्याची जागाही ओळखू येत नाही. तिथं आमच्या लोकांसाठी कप वेगळे होते, बाहेर खिळ्याला अडकवलेले. चहा पिऊन आपला आपण धुऊन परत अडकवायचा. धम्म घेतल्यानंतर एक दिवस आबा, नाना आणि आणखी दोघंजण आत जाऊन बाकड्यावर बसले आणि कपबशीत चहा मागितला. मालक ऐकेना. चौघं संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी चहा आला, बशीसकट. आबा ही गोष्ट सांगताना बशी दोन्ही हातांत धरल्यासारखे हात करायचे. नाना बाजूनं म्हणायचा, च्या मातूर पाणचट व्हता. चार दिवस बसून पाणचट च्या पाजला लेकानं. आम्ही हसायचो.

नाना पानशेतकडं धरणाच्या कामावर गेला आणि तीन-चार वर्षं येऊन-जाऊन राहिला. गार पाण्यात उभं राहून दगड लावायचे. अंगात ऊब राहावी म्हणून मुकादमच आधी पाजायचा, असं नाना सांगायचा. त्या काळात सरकारची दारूबंदी होती, म्हणजे दारू ओढ्याच्या वरच्या अंगाला झाडीत गाळली जायची, एवढाच काय तो फरक. काम संपलं, नाना घरी आला, ती मात्र त्याच्याबरोबर आली. आधी बाजाराच्या दिवशी, मग एक दिवसाआड, मग सकाळीसुद्धा. दंगा करणारा नव्हता. प्यायला की बांधाला टेकून बसायचा आणि हळूच आपल्याच मांडीवर ताल धरायचा. शेवंताकाकी त्याची जेवणाची ताटली झाकून ठेवून वाट बघायची. त्यांची मुलगी तीन वर्षांची होती.

आता कपाचं सांगते.

मी सोळा-सतरा वर्षांची होते. विंझरच्या शाळेतून पुढं शिकून मास्तरीण व्हायचं होतं मला, त्या वस्तीतली पहिली. एका सकाळी नानाला ओटीवर उलटी झाली. आय शेतावर, काकी पाण्याला. मीच राख टाकली, मीच झाडलं. मग कपबशा घासायला बसले आणि त्याचा कप हातात आला. मला किळस आली. दुसरं काही नाही, नुसती किळस. कान तुटलेला एक कप होता, कुणी वापरत नव्हतं. तो मी धुतला आणि ओटीवर, वळचणीच्या बांबूला खुंटी होती, तिच्याजवळच्या फटीत उपडा ठेवला. दुसऱ्या दिवशी नानाला चहा त्यातच दिला.

त्यानं कप फिरवून बघितला. म्हणाला, "कान गेलाय व्हय ह्याचा. असू दे. च्या काय कानानं पितो का आपन?" आणि प्यायला. पिऊन झाल्यावर उठला, बाहेरच्या रांजणातलं पाणी घेतलं, कप स्वतः विसळला आणि होता तिथं उपडा ठेवला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हे कसं करायचं ते त्याला लहानपणापासून येत होतं.

आयनं बघितलं. आबांनीही बघितलं. आबा अर्धा चहा तसाच टाकून उठले आणि फावडं घेऊन रस्त्यावर गेले. मला वाटलं होतं ओरडतील. ते ओरडले नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशीही मी त्यातच चहा दिला. वस्तीत बातमी जायला वेळ लागत नाही. मैलकुलीनं सख्ख्या भावाचा कप वेगळा केला म्हटल्यावर बाकीच्यांना मोकळीकच मिळाली. महिन्याभरात प्रत्येक घराच्या वळचणीला नानासाठी काही ना काही होतं. टमरेल, जर्मनचा म्हणजे अॅल्युमिनियमचा पेला, एका घरी तर नुसती करवंटी.

ते लोक वाईट नव्हते, हे मला लिहायला हवं. नव्यानं मान वर केलेली माणसं होती ती. वरच्या आळीतले टपूनच असायचे, देव बदलले पर खोडी गेल्या का, असं म्हणायला. वस्तीत एक माणूस पिऊन पडला की त्यांना सगळी वस्ती पिऊन पडलेली दिसायची. त्यामुळं आमच्यातला प्रत्येकजण नानापासून दोन हात लांब सरकून आपण कोरडे असल्याचं दाखवत होता. वस्तीतले सगळ्यांत वडीलधारे धोंडूआजा. त्यांनी ठरवलं की पिणाऱ्यानं विहाराच्या पायरीच्या वर यायचं नाही. विहार म्हणजे पत्र्याची एक खोली, तीही नानानंच खांद्यावरून दगड आणून उभी केलेली. वंदना आता मी म्हणायला लागले. माझ्या मागं पन्नास माणसं म्हणायची. सोळा वर्षांच्या पोरीच्या मागं एवढी माणसं म्हणतात, म्हणजे काय असतं ते मी आज कुणाला सांगू शकणार नाही.

नाना पायरीवर बसायचा. रोज. आपला कप घेऊन यायचा, का ते कुणी विचारलं नाही. पाचव्या शीलाशी माझा श्वास तुटला की बाहेरून आवाज यायचा. टिक्. कपावर नख. मला राग यायचा. आतली पोरं एकमेकांकडं बघून हसायची, दारूडाच दारूचं शील दुरुस्त करतोय. आणि मला तो आवाज आला की पुढच्या ओळी नीट यायच्या, हेही खरं.

मग शेवंताकाकी मुलीला घेऊन माहेरी निघून गेली, हिर्डोशीला. वरंध्याच्या घाटाकडचं डोंगरातलं गाव, एसटी कधी आली तर आली. नाना तीनदा तिकडं जाऊन आला, पुष्कळसा चालत. तिसऱ्यांदा तिचा थोरला भाऊ त्याला म्हणाला, तुज्या वस्तीनं तुला पायरीच्या वर घेतला तर आमी पोरगी धाडू. वैशाखी पौर्णिमेला आमी सोता येतो बघाया. तू आत बसलेला दिसलास तर ती तुज्याकडंच ऱ्हाईल, न्हाईतर इषय सोडून दे.

नाना परत आला तेव्हा पौर्णिमेला अठरा-एकोणीस दिवस होते. आला तो मुकाट्यानं परड्यातल्या गोठ्यात जाऊन पडला. पहिले तीन दिवस मी कधी विसरले नाही. घामानं घोंगडं ओलं व्हायचं. हात असे हलायचे की पाण्याचा तांब्या तोंडाशी नेईपर्यंत रिकामा. भिंतीवरून मुंग्या उतरतायत म्हणून तो हातानं झाडायचा आणि भिंतीवर काही नसायचं. आय म्हणाली, बाहेरचं झालंय. आबा त्याच्या उशाशी बसून राहायचे, कामावर गेले नाहीत. चौथ्या दिवशी तो उठून बसला, पेज प्यायला, आणि मला हाक मारली.

म्हणाला, "सुमे, रोज सकाळी माजं तोंड हुंगायचं."

मी म्हटलं, शी.

"शी काय. माज्या शबदाला आता कोन इचारतंय? एक मानूस पायजे मला साक्षीला. तुजा आबा माजा भाऊच, त्येचं कोन धरंल? तुजं सगळी ऐकत्यात. वंदना म्हणतीस तू."

तेव्हापासून रोज सकाळी मी गोठ्याच्या दारात जायची. नाना मान वर करून हा करायचा, लहान मूल घसा दाखवतं तसा. पेजेचा वास यायचा, झोपेचा वास यायचा, दारूचा नाही. मी दाराच्या आतल्या बाजूला कोळशानं एक रेघ ओढायची. पहिले तीन दिवसही धरायचे का, तर त्यानंच सांगितलं, धर की, तवाच तर खरी मेहनत झाली. एकोणीस रेघा झाल्या. घामबिम गेला होता, जेवण जायला लागलं होतं. फक्त हात. हात थांबत नव्हते. एकटा बसला असला की कमी, कुणी समोर आलं की जास्त. तो ते काखेत दाबून धरायचा.

पौर्णिमेच्या सकाळी विहारासमोर सडा पडला होता. बाया पांढऱ्या लुगड्यांत. मोठ्या पातेल्यात तांदळाची खीर रटरटत होती. हिर्डोशीचे पाहुणे आदल्या दिवशी विंझरला मुक्काम करून सकाळी चालत आले, काकीचा भाऊ आणि त्याच्या मागं काकी, कडेवर मुलगी. नाना आंघोळ करून धुतलेला सदरा घालून उभा होता. धोंडूआज्यांना आबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ते मान हलवून म्हणाले, या. आणि नाना दीड वर्षानं पायरी चढला.

धोंडूआजा तसे उदार मनाचे होते. म्हणाले, मेणबत्ती यानंच लावावी, ही खोली यानंच बांधलीय. नानाच्या हातात काडेपेटी दिली. पहिली काडी त्याला ओढताच आली नाही. दुसरी मोडली. तिसरी पेटली, पण वात आणि काडी काही एकत्र येईनात. हात लटलट हलत होता. कुणीतरी मागं खाकरलं. काडी विझली. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तर दोन्ही हात हलायला लागले आणि मेणबत्तीच आडवी पडली.

"आजच्या दिवशी तरी," मागून एक बाई म्हणाली. मोठ्यानं नाही.

तेवढ्यानं झालं. कुजबुज दारापर्यंत गेली. नाना वळून म्हणाला, "न्हाई वं. एक थेंब न्हाई." त्याचा आवाजही हलत होता. दारूडा जे म्हणतो तेच तो म्हणत होता, दुसरं म्हणायला तरी काय होतं? मग त्यानं माझ्याकडं बघितलं. घाबरून नाही. निवांत बघितलं, साक्षीदार ठरवून ठेवलेला असल्यासारखं. म्हणाला, सुमीला इचारा.

काकीचा भाऊ माझ्यापुढं आला. समजूतदार माणूस होता, डोळ्यांत आशाच होती त्याच्या. म्हणाला, "पोरी, तू घरातली हायस. खरं सांग. प्यालाय का ह्यो?"

मी सकाळीच हुंगलं होतं. एकोणिसावी रेघ ओढून बोटाला लागलेला कोळसा अजून नखात होता.

मी म्हटलं, "मला म्हाईत न्हाई."

मी का म्हटलं याची कारणं मी आयुष्यभर शोधत आले आणि वेळेनुसार वेगवेगळी सापडली. कधी वाटलं, पन्नास माणसांपुढं घाबरले. कधी वाटलं, मी रोज एका दारूड्याचं तोंड हुंगते हे सांगायची लाज वाटली, मास्तरीण व्हायला निघालेली मुलगी. कधी वाटलं, ते हात बघून मलाच शंका आली, सकाळनंतर कुठं जाऊन आला असेल तर. ही सगळी कारणं थोडी थोडी खरी आहेत. त्यांच्या खाली आणखी एक आहे. नाना पायरी चढला तेव्हा मी पुढच्या जागेवरून उठून मागच्या ओळीत बसले होते, कारण आता वंदना तो म्हणणार होता. आणि मला तिथं बसवत नव्हतं.

नाना माझ्याकडं क्षणभर बघत राहिला, मग खाली पडलेली मेणबत्ती उचलून नीट उभी केली. त्या वेळी त्याचा हात हलला नाही, की मला तसं आठवतंय, कोण जाणे. तो पायरी उतरून गेला. काकी रडत नव्हती. मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि भावाच्या मागं चालायला लागली. धोंडूआजा मला म्हणाले, चल पोरी, उशीर झाला. मी पुढं जाऊन बसले आणि वंदना म्हटली. पाचव्या शीलाशी श्वास तुटला. बाहेरून काही आवाज आला नाही.

दुपारी नाना घरी नव्हता. गोठ्यात घोंगडं घडी घालून ठेवलं होतं. आबा दोन दिवस रस्त्यारस्त्यानं शोधत हिंडले. तिसऱ्या दिवशी ते गोठ्यात गेले आणि दारामागच्या रेघांसमोर बराच वेळ उभे राहिले. मी चुलीपाशी होते, मला पाठ दिसत होती. मग ते बाहेर आले, वळचणीतला कप काढला आणि आयला म्हणाले, मला च्या ह्याच्यात दे. आय म्हणाली, त्यो त्याचा. ते म्हणाले, "मंग कुनाचा? दे."

त्यानंतर आबा जगले तितकी वर्षं त्याच कपातून चहा प्यायले. पाहुणे आले, मी शिक्षिका झाल्यावर नव्या कपबशा आणल्या, तरी तोच. एकदा वस्तीतले काहीजण ओटीवर बसले असताना जुन्या हॉटेलाची गोष्ट निघाली. धोंडूआजा सहज म्हणाले, चार दिस बसून तिथल्या खिळ्यावरचा कप उतरवलास, आन् सोताच्या घरात वळचणीला टांगलास तूच. मी आत भाकऱ्या थापत होते. आबा म्हणाले, "व्हय. म्याच टांगला." मी बाहेर जाऊन बोलायला हवं होतं. भाकरी करपली तेवढी.

नाना भोरला असल्याचं पुढं कळलं. एसटी स्टँडवर हमाली करायचा. प्यायला लागला होता, ते सांगायला नको. मी डी.एड. होऊन भोरला नोकरीला लागले तेव्हा स्टँडवर तो मला दोन-तीनदा दिसला. मी थांबायचं ठरवायची तोवर तो पाठ फिरवून एखाद्या गाडीच्या टपावर चढलेला असायचा. सोबतच्या बाईंना कळू नये म्हणून तो ओळख दाखवत नव्हता, हे मला समजत होतं, आणि ते मला सोयीचं होतं. काकीनं हिर्डोशीला मुलीचं लग्न केलं. लग्नात बापाच्या जागी मामा उभा राहिला.

एका पौर्णिमेला भोरच्या विहारात वंदना म्हणायला मला बोलावलं. उजेडाची वेळ होती, दार उघडं, बाहेर लोखंडी फाटक. चपलांच्या ढिगाच्या पलीकडं एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मला तोंड दिसलं नाही, सदऱ्याची पाठ दिसली. मी म्हणायला लागले. तोवर मला पाचवं शील एका दमात येत होतं, कितीतरी वर्षं येत होतं. पण त्या दिवशी मी तिथं मुद्दाम श्वास तोडला. थांबले.

फाटकाच्या गजावर टिचकी वाजली. टिक्.

मी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, न तोडता. मागं सगळे म्हणाले. उठून बाहेर जायला दहा पावलं होती. वंदना अर्धी टाकून कसं उठायचं, असं मी स्वतःला सांगितलं. बाहेर आले तेव्हा चपलाच होत्या. त्या पावसाळ्यात नाना गेला. स्टँडवरच्या हमालांनी मिळून सगळं केलं. आम्हाला चौथ्या दिवशी कळलं.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचा मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून आला आणि महिनाभर माझ्याकडं राहिला. त्याला घेऊन तपासणीला गेले होते. त्याचे हात कापत होते, म्हणून मी डॉक्टरांना घाबरत घाबरत विचारलं, याचा अर्थ हा पुन्हा प्यायलाय का? ते म्हणाले, अहो बाई, सोडली म्हणून कापतायत. कुणाकुणाचे बरेच दिवस कापतात. मी खुर्चीतून उठले. ते म्हणाले, बसा. मला बसवेना. घरी आल्यावर बघितलं, आमच्या सूनबाईनं त्याचा पेला ओट्याच्या कोपऱ्यात वेगळा ठेवला होता, उपडा. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी तो उचलून आमच्या पेल्यांत मिसळला, आणि तिला काही बोलू शकले नाही, कारण बोलायचं तर हे सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून लिहिलं. आबांनी टांगला नव्हता तो कप. मी टांगला. आणि त्या सकाळी नाना प्यायलेला नव्हता. हे मला माहीत होतं.

अजूनही पौर्णिमेला बाया मलाच पुढं बसवतात. पाचव्या शीलाशी मी दर वेळी श्वास तोडते. त्या एकमेकींकडं बघतात, म्हणतात, बाईंचं वय झालं, दम पुरत नाही. मी थांबते. दाराकडं कान देते. मग पुन्हा पहिल्यापासून म्हणते.